दोनशे एकचा व्हॉल्व

सोल्लालच्या, म्हणजे कोरियन नववर्षाच्या, सकाळी साडेसात वाजता खालच्या मजल्यावरून छताला काठी लागली. ठक, ठक, ठक. दोनशे एकमध्ये राहणाऱ्या पिल-सूननं हातातलं उलथनं तव्याच्या कडेवर आपटलं आणि पायाखालच्या जमिनीलाच सुनावलं, "आजसुद्धा? वर्षाचा पहिला दिवस आहे, आज तरी दम धरा की हो!"

तिचा मुलगा ग्यू-हो आदल्या दिवशी बायको-मुलांना घेऊन सोलहून वोन्जूला आला होता. पाच वर्षांची जुळी नातवंडं उठल्यापासून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावत होती. घरभर तेलाचा वास, ओट्यावर पितळेच्या वाट्यांची रांग, नऊ वाजता पूर्वजांचं पान मांडायचं आणि सुपाला अजून उकळीही आली नव्हती. अशा घाईत खालच्या म्हाताऱ्याची काठी. पिल-सूनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"आई, मुलांना बसवू का एका जागी?" सूनबाईनं, से-रमनं, विचारलं.

"काही नको. पळा रे, पळा! आज नाही पळायचं तर कधी?"

मुलांना तेवढंच हवं होतं. काठी आणखी बराच वेळ वाजत राहिली आणि मुलं तिच्या तालावर उड्या मारत राहिली.

खाली एकशे एकमध्ये सोक आजोबा राहायचे. वय एकोणऐंशी. अकरा वर्षांचा शेजार, त्यातली दहा वर्षं गोडीची. गेल्या उन्हाळ्यापासून नातवंडं दर शनिवार-रविवार आजीकडे राहू लागली आणि आजोबा जिना चढून वर येऊ लागले. "जरा मुलांना आवरा, हिला झोप लागत नाही," म्हणायचे. मग फोन करू लागले, मग काठी. बायको बरी नाही असं ते एकदा म्हणाले होते, पण पिल-सूनला ती सबब वाटली. ऑक्टोबरात तिनं त्यांचा नंबर फोनमधून बंदच करून टाकला. नोव्हेंबरात त्यांची बायको गेली. पिल-सूननं सांत्वनाच्या पैशांचं पाकीट वरच्या तीनशे एकच्या हाती पाठवलं आणि स्वतः मात्र गेली नाही. कोणत्या तोंडानं जायचं, हा तिला प्रश्न होता.

तेव्हापासून काठी एकदाही वाजली नव्हती. तीन महिन्यांत एकदाही नाही. मग आजच का वाजली, एवढं जरी तिनं स्वतःला विचारलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. तिला वाटलं, म्हातारा सुतकातून बाहेर आला आणि पुन्हा मूळपदावर गेला.

आठला दारावरची घंटी वाजली. भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर सोक आजोबांचा चेहरा दिसला. केस ओले होते. सणाची आंघोळ उरकून भांडायलाच आलेत, असं पिल-सूनच्या मनात आलं. भांडकुदळ शेजाऱ्याला दार उघडू नये, असं तर टीव्हीवरसुद्धा सांगतात. तिनं बटण दाबून आवाज बंद केला. पडद्यावर आजोबांचं तोंड हलत राहिलं. त्यांनी दोनदा बोट खाली दाखवलं. शेवटी त्यांनी बंद दारापुढे कमरेतून वाकून नमस्कार केला, थोडा वेळ थांबले आणि गेले.

"कोण होतं?" ग्यू-होनं विचारलं.

"कोणी नाही. तू टाय बांध."

नऊ वाजता पान मांडलं, वाकून नमस्कार झाले, मुलांनी चुकीच्या दिशेला डोकी टेकवली म्हणून हसाहशी झाली, तांदळाच्या चकत्यांचं सणाचं सूप पिऊन रीतीप्रमाणे सगळी एका वर्षानं मोठी झाली. या सगळ्यात गॅलरीतला बॉयलर घुं घुं करत एकसारखा चालू होता. घर भरलेलं आहे, चालणारच, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. दहा वाजता से-रम भांडी घासायला उभी राहिली, तेव्हा नळाला करंगळीएवढी धार आणि तीही कोमट.

"आई, बॉयलरवर लाल आकडा लुकलुकतोय."

नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी नळवाला शोधणं म्हणजे काय ते शोधणाऱ्यालाच कळतं. इमारतीच्या फाटकावर, विजेच्या खांबावर, जिन्याच्या कठड्यावर एकावर एक चिकटवलेले कागद असतात. सगळ्यांवर 'चोवीस तास, सणासुदीलाही'. ग्यू-होनं त्यांचे फोटो काढून आणले आणि पिल-सून एकेक नंबर लावत बसली. चौघांनी उचललाच नाही. पाचवा सासुरवाडीला होता आणि त्याची जीभ सकाळीच जड झाली होती. सहावा म्हणाला, परवा येतो. सातव्यानं दुसऱ्या घंटीला उचलला.

"प्यो बोलतोय. पाणी कुठून येतंय?"

"येत नाहीये, तीच तर तक्रार आहे."

"मग कुठेतरी जात असणार. घरातले सगळे नळ बंद करा. केले? आता कोणाला तरी खाली मीटरपाशी पाठवा. काचेखाली लाल चक्री असते, ती फिरते का बघायला सांगा."

ग्यू-हो अंगात कोट अडकवून खाली गेला. फाटकाच्या आत जमिनीत मीटरचे तीन खड्डे होते, वर लोखंडी झाकणं. त्यानं खालून हाक मारली, "आई, भिरभिर फिरतेय! आणि आपलं झाकण आधीच उघडलेलं आहे. थंडीसाठी कोंबलेले जुने कपडे कोणीतरी बाहेर काढून ठेवलेत. इथे एक हातमोजाही पडलाय."

हातमोजा करड्या लोकरीचा होता. पिल-सूननं तो खिडकीतून पाहिला आणि तो आजोबांचा तर नव्हे असं तिच्या मनात आलं, पण तिनं त्या विचाराला दारातच थोपवलं.

"व्हॉल्व उजवीकडे फिरवायचा," प्यो मिस्त्री फोनवर सांगत होता. "गंजला असेल, हातानं नाही जमायचं, पक्कड घ्या. बंद झाला? चक्री थांबली? छान. पत्ता सांगा."

तिनं सांगितला.

"दोनशे एक?" त्यानं विचारलं. "म्हणजे एकशे एकच्या वरचं?"

"हो. का?"

"आल्यावर बोलू. सुट्टीचा दर जास्त पडेल, आधीच सांगून ठेवतो."

"पडू दे बाबा, तू ये."

अकराला तो आला. पन्नाशीचा, बुटका, एका हातात पेटी आणि गळ्यात मोठाले हेडफोन. पिल-सून त्याला घरात घ्यायला सरकली, तर तो उंबऱ्याशीच थांबला.

"आधी खाली जाऊ या, काकू."

"फुटलंय माझ्याकडे. खाली कशाला?"

"पाणी कुठे उतरलंय ते खालून दिसतं. ते बघितल्याशिवाय मी कुणाची जमीन फोडत नाही."

"तुम्ही जा. आमचं बोलणं नाही."

मिस्त्रीनं पेटी खाली ठेवली. "ठाऊक आहे मला. खालच्या आजोबांचा सकाळी पावणेआठला फोन आला होता. धबधबा लागलाय म्हणाले. मी म्हटलं, वरच्यांच्या घरात शिरल्याशिवाय माझ्या हातात काही नाही. वर जा, व्हॉल्व बंद करायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. थोड्या वेळानं त्यांचा परत फोन आला. म्हणाले, वरच्या बाई दार उघडत नाहीत, मीच मीटरपाशी जाऊन व्हॉल्व फिरवून बघतो. त्यानंतर मला फोन आला तो तुमचाच."

ग्यू-होनं आईकडे पाहिलं. साडेसात ते सव्वादहा, तिनं मनात मोजलं. तिनं चपला पायात सरकवल्या आणि मिस्त्रीच्या मागोमाग जिना उतरली.

आजोबांनी दार उघडलं आणि दोघांनाही आत घेतलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, उजव्या तळहाताला फडकं गुंडाळलेलं. रागाचा एक शब्द नाही. तिनं बोलायची तयारी केली होती ती भांडणाची, आणि भांडायला समोर कोणी नव्हतं.

स्वयंपाकघराच्या छताचा कागद फुगून मधोमध फाटला होता आणि त्याची जीभ खाली लोंबत होती. परात, बादली, भाताचं पातेलं, जे मिळालं ते खाली मांडलेलं. ओट्यामागच्या भिंतीवरून पाण्याचा ओघळ थेट जमिनीपर्यंत गेला होता. आतल्या खोलीत पलंगावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक तसबीर होती आणि बुटकं लाकडी टेबल उलटं करून भिंतीला टेकवलं होतं. आज त्या टेबलावर त्या तसबिरीपुढे बायकोचं पहिलं पान मांडायचं होतं, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात डोक्यावर धाडधाड आवाज झाला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मग परत. बादलीतलं पाणी थरथरलं.

"अगं बाई, हे काय?" पिल-सून बोलून गेली.

"तुमची नातवंडं," आजोबा म्हणाले.

अकरा वर्षांत ती या घरात दाराच्या आत कधी आली नव्हती. आपल्या घराचा आवाज खालून कसा ऐकू येतो ते तिनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि तिला मान वर करवेना.

मिस्त्रीनं छताला बोटं लावून पाहिली, भिंत चाचपली. "तुमच्या बेसिनच्या आसपासची गरम पाण्याची नळी. आता ऐकण्यापुरता व्हॉल्व उघडून वर जमिनीला कान लावतो. मी ऐकतोय तोवर वरती कोणी हू की चू करायचं नाही, पाऊलसुद्धा वाजता कामा नये. फरशीखालून गळती कुजबुजल्यासारखीच ऐकू येते." हेडफोन सावरत तो वर गेला.

थोड्याच वेळात छत शांत झालं. पूर्ण शांत. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. मिस्त्रीनं ही शांतता एका वाक्यात मिळवली होती. आजोबांनी ती आजारी बायकोसाठी चार महिने मागितली होती. पिल-सूनला लाज वाटली. तिनं कोपऱ्यातलं फडकं उचललं आणि खाली बसून जमीन पुसायला घेतली.

"आजोबा, माझं चुकलं," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "मला वाटलं तुम्ही मुलांवरून आलात."

"मुलांचं काय. आता इथे कुणाची झोप मोडायची आहे?" ते म्हणाले. मग जरा संकोचून म्हणाले, "फडकं राहू द्या. तुम्हाला एक विचारायचं होतं. तुम्हालाच विचारता येईल असं आहे."

त्यांनी ओट्यामागची भिंत दाखवली. तिथे कॅलेंडरच्या पानाची पाठ चिकटवलेली होती. त्यावर निळ्या शाईनं, मोठ्या वाकड्या अक्षरांत काही लिहिलेलं होतं. वरच्या दोन ओळी वाचता येत होत्या. 'मूग दोन वाट्या, साल काढून. आदल्या रात्री भिजवायचे, विसरायचं नाही.' त्याखाली पाण्याचा ओघळ गेला होता आणि सगळी शाई निळा डाग होऊन खाली उतरली होती. तळाशी एकच शब्द शिल्लक होता, 'मंद'.

"हिनं दवाखान्यात जायच्या आधी लिहून ठेवलं," आजोबा म्हणाले. "मुगाची धिरडी. तिच्या आईकडची, उत्तरेकडची पद्धत. म्हणाली, माझ्या पानावर दुसरं काही नसलं तरी चालेल, ही हवीत. मी मूग भिजवले, वाटले. पहिली ओळ करायची आणि मग पुढची वाचायची, असं चाललं होतं. सगळं एकदम वाचून ठेवावं हे काही मला सुचलं नाही. तिसरी ओळ वाचायला मान वर केली आणि वरून पाणी आलं."

वाडग्यात पिवळट हिरवं पीठ झाकून ठेवलेलं होतं.

"पन्नास वर्षं खाल्ली मी," ते पुढे म्हणाले. "चव जिभेवर आहे, पण आत काय काय असतं ते पानावर बसणाऱ्याला काय कळतं? तुम्हा बायकांना खाऊन कळतं. आणि तुम्ही तर दर वर्षी खाल्लीत. निळ्या काठाच्या ताटलीत ती वर आणून द्यायची ना? तुम्ही म्हणायचात, फार छान झाली होती. आठवून बघा. कोबी असायचा का? आंबवलेला की साधा? मांस बारीक चिरलेलं की खिमा? दुपारपर्यंत झालं तरी चालेल. उशीर झाला म्हणून ती रागावायची नाही."

पिल-सूननं फडकं बादलीत पिळलं.

तिनं ती धिरडी कधी चाखलीच नव्हती. दर सोल्लालला खालच्या आजी निळ्या काठाची ताटली घेऊन दारात यायच्या आणि त्याच वेळी पिल-सूनच्या घरात खाण्याचे ढीग पडलेले असायचे. शिवाय दुसरीच्या हातचं तिच्या जिभेला सहसा पटायचं नाही. ती धिरडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाकायची, ताटली घासायची, रिकामी ताटली परत करू नये म्हणून वर पेअरची दोन फळं ठेवायची आणि 'फार छान झाली होती' म्हणून परत करायची. उन्हाळ्याच्या तोंडावर फ्रीजर साफ करताना पिशवी बाहेर जायची. त्यात वाईट काही केलं असं तिला कधी वाटलं नव्हतं.

फ्रीजर! ती ताडकन उठली. "थांबा आजोबा, आलेच."

गेल्या उन्हाळ्यात नातवंडांच्या गडबडीत तिनं फ्रीजर साफ केला नव्हता. गेल्या वर्षीची पिशवी तिथेच असणार. एक जरी धिरडं मिळालं, तव्यावर गरम करून चाखलं, तरी ती डोळे मिटून सांगू शकली असती, यात काय आणि किती. स्वयंपाकातलं तिला कळत होतं, तेवढी तिची खात्री होती. देवा, एवढं एक धिरडं मिळू दे, असं म्हणत ती जिना चढली.

वर मिस्त्री स्वयंपाकघरात पालथा पडून जमिनीला यंत्र लावून ऐकत होता. तिला बघताच त्यानं ओठांवर बोट ठेवलं. जुळी सोफ्यावर दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती. पिल-सून चवड्यांवर चालत फ्रीजपर्यंत गेली आणि तिनं फ्रीजरचं दार उघडलं. वरच्या खणात मासे, खाली मांस, मध्ये तांदळाच्या चकत्यांची पाकिटं, सगळं व्यवस्थित, सगळं नवं. तेव्हा तिला आठवलं. तीन दिवसांपूर्वीच सणाच्या सामानाला जागा हवी म्हणून तिनं मागचं सगळं काढलं होतं. बर्फ धरलेली एक पिशवी हातात आली होती. हे काय होतं कोण जाणे, असं म्हणून तिनं ती खरकट्याच्या डब्यात टाकली होती. आजी गेल्यानंतर, स्वतःच्या हातानं.

फ्रीजरचा गारवा तोंडावर येत राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सापडलं," मिस्त्री हेडफोन काढत म्हणाला आणि त्यानं खडूनं फरशीवर फुली मारली. "या कोपऱ्यातला जोड. तासाभराचं काम आहे, काकू, काळजीचं कारण नाही."

ती खाली गेली.

आजोबांनी तेवढ्यात गॅस पेटवून तवा ठेवला होता. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा थोडी आशा होती. "आठवलं?"

खोटं बोलणं तिला कठीण नव्हतं. कोबी आंबवलेला, मांस बारीक चिरलेलं, असं काहीही सांगितलं असतं तरी ते मान हलवून कामाला लागले असते. पण पहिल्या घासाला त्यांना कळलं असतं, आणि ती चव त्यांनी बायकोपुढे मांडली असती.

"आजोबा," ती म्हणाली, "मी ती कधी खाल्लीच नाहीत."

"गेल्या वर्षी?"

"कधीच नाहीत. एकदाही नाही. ठेवून द्यायची आणि मग टाकून द्यायची."

त्यांनी गॅस बंद केला.

"सणाच्या दुसऱ्या दिवसापासून ती ताटलीची वाट बघायची," ते म्हणाले. "ताटली आली की मला दाखवायची. बघा, कशी घासूनपुसून आली, वर दोन पेअर. वरच्या बाईंना आवडतात हो माझी, म्हणायची. गेल्या वर्षी तर तिला ओट्याशी उभंही राहवत नव्हतं. स्टुलावर बसून केली. मी म्हटलं, या खेपेला राहू दे. तर म्हणाली, असं कसं, ती वाट बघत असेल."

पिल-सूननं आतल्या खोलीकडे पाहिलं. माफी मागायची तर कोणाची मागायची, ऐकणारी तर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती.

आजोबांनी पुन्हा गॅस पेटवला. मंद ठेवला, कागदावर उरलं होतं तसा. पळीनं नुसतंच पीठ तव्यावर घातलं, आत काही नाही, वर काही नाही. पहिलं धिरडं तुटलं, दुसरं एका बाजूनं करपलं, तिसरं आणि चौथं बरं निघालं. त्यांनी आतून टेबल आणलं, सरळ मांडलं, बाहीनं पुसलं. तसबिरीवरचं प्लास्टिक काढून ती टेबलावर उभी केली आणि तिसरं धिरडं तिच्यापुढे ठेवलं. गुडघे धरत खाली वाकून नमस्कार केला. पिल-सून दाराशी मान खाली घालून उभी होती. वर मिस्त्रीनं फरशी फोडायला सुरुवात केली.

मग त्यांनी कपाटातून निळ्या काठाची ताटली काढली, चौथं धिरडं तिच्यावर ठेवलं आणि ताटली पिल-सूनपुढे धरली.

"हे तुमचं," ते म्हणाले. "वर नेऊ नका. इथेच खा."

तिनं ताटली घेतली आणि ओल्या जमिनीवर बसून खायला सुरुवात केली. आजोबा समोर उभे राहून बघत होते. धिरड्यात मीठसुद्धा नव्हतं. तिनं शेवटच्या तुकड्यापर्यंत ते संपवलं, ताटली नळाखाली नीट घासली, पुसून त्यांच्या हातात दिली, आणि छान झालं होतं असं मात्र म्हणाली नाही.